अंदाजे

फॉर्मवर वयाचा रकाना आहे.
तीस वर्षं मी जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसले,
तारखेशिवाय कुणाला आत घेतलं नाही
की बाहेर जाऊ दिलं नाही.
आणि तुझ्यापुढे लिहिते : चौदा, अंदाजे.

विभाग कार्यालयाच्या कपाटात
जुन्या पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्यावर सापडलीस,
म्हणून पावती.
तांडेल शिपाई म्हणाले, घेऊन जा बाई,
हिची नोंद कुठेच नाही.

मागच्या वर्षीचं तू विसरलेली नाहीस.
निळी टोपली माळ्यावरून उतरली
की तिच्या कडीचा आवाज तुला दोन भिंतींपलीकडून कळतो.
दिवाणाखाली, पार कोपऱ्यात,
दोन डोळे आणि बाकी सगळी भीती.
झाडूनं ढकललं मी तुला. हे कुणाला सांगितलेलं नाही.
जुईनगर ते सानपाडा ओरडत होतीस
मांजराचा नसावा अशा आवाजात.
मग टेबलावर लघवी, डॉक्टरांच्या मनगटात दात,
शेजारी साखळी ताणून भुंकणारा कुणाचा तरी लॅब्रडोर.
रक्त न देताच परत आलीस,
नऊ दिवस माझ्याकडे पाठ करून बसलीस.

आता पाणी फार पितेस.
पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येतात.
मोजते.

डॉक्टर केणी फोनवर म्हणाल्या,
टोपली माळ्यावर ठेवूच नका.
दार काढून टाका, हॉलमध्ये असू दे खुर्चीसारखी.
आत तुमचं काहीतरी अंथरा, न धुतलेलं.
मी गाऊन अंथरला.
पहिले अकरा दिवस वळसा घालून गेलीस,
उधारी थकलेल्या वाण्याचं दुकान टाळावं तशी.
मग एक पंजा.
मग आत ठेवलेली सुकट पहाटे गायब.
आणि एका दुपारी, मी भाकरी थापत असताना,
आतून घोरण्याचा आवाज.
आनंद झाला. पण त्याला एक कड होती :
ज्या जागेवर तू विसंबलीस
तिचं दार मीच आणून बसवणार होते.

गुरुवारी बसवलं.
दोन तास आधी कॅप्सूल फोडून उकडलेल्या मांदेलीत.
टोपलीवर टॉवेल. मुश्ताकभाईंची रिक्षा,
प्रत्येक खड्ड्याआधी तेच श्वास रोखत होते.
दवाखाना पिठाच्या गिरणीला लागून.
दारात दोन कुत्री, एक पोपट,
आणि तू थरथरायला लागलीस, आवाज न करता.
ओरडली असतीस तर बरं वाटलं असतं.

मी आत गेलेच नाही.
डॉक्टरच बाहेर आल्या, रिक्षात माझ्या शेजारी बसल्या,
टोपलीचं वरचं झाकण काढलं, टॉवेल तसाच ठेवला
आणि काही केलं नाही.
बराच वेळ काही केलं नाही.
रस्ता कधी नीट होणार, गिरणीवाला ज्वारी कशी जाड दळतो,
असलं काहीतरी बोलत राहिल्या.
मग मुश्ताकभाईंनी मोबाइलचा टॉर्च धरला.
मागच्या पायाची शीर, तिसऱ्यांदा सापडली.
तू माझ्या कोपरात तोंड खुपसलंस.
पळून जायला तेवढीच जागा उरली होती.

'मीटर?' मी विचारलं.
'ते केव्हाच बंद केलंय, बाई.'

मूत्रपिंडं.
आकडे मला वाचता येतात, आयुष्य त्यातच गेलं.
किती दिवस, असं मी विचारलं नाही.
न विचारलेल्याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं :
बघू.

दिवसाआड कातडीखाली सलाइन,
पिशवी पडद्याच्या दांडीला लटकवलेली,
तू गाऊनवर, अर्धी आत, अर्धी बाहेर.
दार पुन्हा काढलंय, गच्चीवर नेऊन टाकलंय.

पाण्याच्या वाटीत मी नेलपॉलिशनं रेघा ओढल्यात.
रोज सकाळी वाकून वाचते.
आज दीड रेघ कमी.
लिहून ठेवते, तारखेसह.